दत्तक जुळ्यांना अंगावर पाजताना

कॅरिंग्ज या सरकारी दत्तक पोर्टलवर प्रस्ताव आल्याचा मेसेज आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. उघडून पाहिलं तर दोन फोटो. मुलगी आणि मुलगा, साडेतीन महिन्यांची जुळी. मुलाच्या फोटोत कोपऱ्यात मुलीची मूठ आलेली. प्रस्ताव राखीव करायला ४८ तास असतात. आम्हाला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा नवऱ्याचा फोन लागत नव्हता म्हणून. त्याच रात्री मी स्तनपान सल्लागाराचा नंबर शोधायला बसले.

त्या रात्री मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवून बोला.

आमच्या सल्लागार बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "पोट भरणं हे एक काम, छातीशी घेणं हे दुसरं. दोन्ही एकात घालू नका." मला ते तेव्हा पटलं नाही. मला अंगावरच्या दुधावर दोन मुलं वाढवायची होती. पण त्यानंतर जे जे सुरळीत गेलं ते हे वाक्य पाळल्यामुळे, आणि जे बिघडलं ते विसरल्यामुळे.

दूध येतं कसं

यशोदेचं उदाहरण सगळेच देतात, पण तिला पान्हा कसा फुटला हे कुणी सांगत नाही. शरीराच्या बाजूने पाहिलं तर दुधासाठी गर्भाशय लागत नाही. लागते ती मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी आणि स्तनातल्या दूधग्रंथी. बाळ ओढतं, किंवा पंप ओढतो, तसं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि दूध तयार व्हायला लागतं. बाळाच्या स्पर्शाने, वासाने, रडण्याने ऑक्सिटोसिन सुटतं आणि तयार झालेलं दूध बाहेर येतं. गाय वासराला पाहून पान्हवते ते यामुळेच. बाळंतिणीच्या शरीरात वार पडल्यावर संप्रेरकं एकदम बदलतात आणि दुधाला जोर मिळतो. आपल्याकडे तो धक्का नसतो, म्हणून सगळी भिस्त वारंवार ओढण्यावर.

त्यामुळे दूध बहुतेक वेळा कमी येतं. १९८१ साली अमेरिकेत २४० दत्तक आयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या बहुतेकींना वरचं दूध द्यावंच लागलं, आणि त्यांनी दुधाच्या मापापेक्षा जवळिकीला जास्त मोल दिलं. जुळ्यांच्या बाबतीत हा हिशोब आणखी रोकडा आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं. घरी आली तेव्हा मुलगी ४.८ किलो, मुलगा ४.२. म्हणजे दोघांचं मिळून १,३५० मिलिलिटर. माझं सगळ्यात चांगल्या दिवसाचं दूध १८० मिलिलिटर होतं. सातवा-आठवा हिस्सा. हा आकडा आधीच मनात धरला असता तर मी पहिले तीन आठवडे पंपाच्या बाटलीकडे बघून रडले नसते.

आधी कॅलेंडर बघा

आपल्याकडे दत्तक बाळ दोन-चार दिवसांचं असताना घरी येत नाही. आईने संस्थेकडे सोपवलेल्या बाळाच्या बाबतीत तिला फेरविचाराला ६० दिवस दिलेले असतात. सापडलेल्या बाळाच्या घरच्यांचा शोध घेतला जातो, आणि त्यानंतर बालकल्याण समिती बाळ दत्तक देण्यासाठी मुक्त असल्याचं जाहीर करते. त्यामुळे घरी येईपर्यंत बाळ तीन-चार महिन्यांचं किंवा त्याहून मोठं झालेलं असतं आणि बाटलीला सरावलेलं असतं.

दुसऱ्या बाजूला, प्रतीक्षा यादीत काही वर्षं जातात, आणि प्रस्ताव आला की सगळं आठवड्यांवर येतं. राखीव केल्यापासून ३० दिवसांत संस्थेत जाऊन मुलं भेटायची आणि स्वीकार करायचा. स्वीकार झाला की दहा दिवसांत दत्तकपूर्व संगोपनासाठी मुलं घरी येतात. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश त्यानंतर. म्हणजे हातात तीन ते पाच आठवडे.

कॅनडाच्या डॉ. जॅक न्यूमन आणि लेनोर गोल्डफार्ब यांची पद्धत तुम्हाला इंटरनेटवर सापडेल. तिच्यात सहा महिने आधीपासून गर्भनिरोधक गोळ्या आणि डोमपेरिडोन हे प्रोलॅक्टिन वाढवणारं औषध देऊन शरीराला गरोदरपणाचा आभास देतात, बाळ यायच्या सुमारे सहा आठवडे आधी गर्भनिरोधक गोळी थांबवतात आणि पंप सुरू करतात. तारीख ठाऊक असेल तर ती चांगली. आपल्याला तारीख ठाऊक नसते. यादीत नाव लागल्यावर दोन वर्षं पंप लावून बसणं म्हणजे स्वतःचा छळ. मी राखीव केलं त्या दिवसापासून सुरू केलं. तुम्ही बाळांचे वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवून झाल्यावर केलंत तरी चालेल. अहवालानंतर निर्णय बदलला तर छातीत उतरलेलं दूध घेऊन बसणं फार जड जातं.

डॉक्टरांकडे काय बोलायचं

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर या तपासण्या करून घ्या. चालू असलेली सगळी औषधं सांगा, आयव्हीएफच्या काळात घेतलेलीही. दत्तकाकडे वळलेल्या आपल्यातल्या कित्येकींनी त्या चकरा मारलेल्या असतात. पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांचा विकार) असेल किंवा स्तनावर शस्त्रक्रिया झाली असेल तर दूध कमी येण्याची शक्यता आधीच कळलेली बरी.

डोमपेरिडोन ही आपल्याकडे मळमळीवरची साधी गोळी. औषधाच्या दुकानात कुणीही हातावर ठेवेल, आणि धोका तिथेच आहे. तिने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच दुधासाठी ती वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. हृदयाचा त्रास असेल, किंवा एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोलसारखी औषधं चालू असतील, तर नाहीच. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांनी ईसीजी पाहून दिलेल्या मात्रेत, आणि बंद करताना हळूहळू उतरवत. एकदम सोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो. गर्भनिरोधक गोळीचंही तसंच: पस्तिशीपुढे रक्तदाब असेल, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तो रस्ता बंद. मी दोन्ही घेतलं नाही. नुसत्या पंपावर भागवलं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. सासूबाईंनी अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू सुरू केले, माझ्या आईने शतावरी कल्प पाठवला. याने दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. पण दोन्ही आज्या मला बाळंतीण मानून खाऊ घालत होत्या, आणि त्याची किंमत मी दुधात मोजत नाही. एवढंच पाहा की कल्पात साखर भरपूर असते आणि मेथी रक्तातली साखर खाली आणते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर विचारून खा.

पंपाचे आठवडे

दोन्ही बाजूंना एकदम लावता येणारा इलेक्ट्रिक पंप घ्या. मोठ्या शहरांत भाड्याने मिळतो. दिवसातून आठ वेळा, दर वेळी पंधरा ते वीस मिनिटं. त्यातली एक वेळ रात्री एक ते पाचच्या मध्ये हवी, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. लावण्याआधी दोन मिनिटं हाताने हलका मसाज, नंतर दोन मिनिटं हाताने पिळणं. पंपाचं स्तनावर बसणारं फनेल, त्याचा आकार स्तनाग्राला बसतोय का ते नीट बघा. मला आधी मोठा दिला होता आणि आठवडाभर मी दुखणं सोसत राहिले, दुखायचंच असतं असं समजून. दुखायचं नसतं.

पहिले दोन आठवडे काहीही येत नाही. मग एक दिवस चिकट पांढुरका थेंब दिसतो. मला सतराव्या दिवशी दिसला, शाळेच्या स्टाफरूमला लागून असलेल्या स्टोअररूममध्ये, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये बसलेली असताना. आठऐवजी सहाच वेळा जमलं तर सहा वेळा. नोकरी करत जमेल तेवढं.

निघालेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर चार तास, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये बाहेर तेवढंही ठेवू नका.

'दुधाची पेढी' हा पर्याय अनेकींना सुचतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, आणि आता राज्यात इतरही आहेत. पण तिथलं दूध आधी अतिदक्षता विभागातल्या कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना जातं, आणि तेच योग्य आहे. धडधाकट चार महिन्यांच्या बाळासाठी ते मागू नये. शेजारणीचं किंवा ओळखीतल्या बाळंतिणीचं दूध थेट घेऊ नका. पेढीत ते तपासून, पाश्चराइज करून दिलं जातं, घरात तसं होत नाही.

संस्थेत जाल तेव्हा

हा टप्पा बहुतेक जण हार-पेढे आणि फोटोत घालवतात. आम्हीही पहिल्या भेटीत तेच केलं. दुसऱ्या भेटीत वही घेऊन गेलो.

ज्या मावशी रात्रपाळीला असतात त्यांना गाठा. कार्यालयातल्या फाइलमध्ये नसतं ते त्यांना माहीत असतं. दूध कोणत्या कंपनीचं, किती चमचे, किती वाजता. बाटलीचं बूच (निपल) कोणतं. झोपवताना थोपटतात की झुलवतात. दोघं एकाच पाळण्यात झोपतात की वेगळी. कोण आधी उठतं. आमच्या मावशींनी सांगितलं, "पोरगी कडेवर घेतल्याशिवाय पीत नाही, पोरगा खाली ठेवला तरी पितो. त्याला वाटतं कुणी येणारच नाही." ते शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मला अजून आठवतं.

दोन दुपटी किंवा जुने सुती कपडे आधी नेऊन द्या, चार दिवस मुलांच्या अंगाखाली राहू द्या, मग न धुता परत आणा. घरी आल्यावर पहिल्या रात्री तोच वास त्यांच्या नाकाशी हवा. एक तुमचा वापरलेला कुडताही तिथे ठेवा. लसीकरण कार्ड, जन्मवजन, किती आठवड्यांना जन्म झाला हे मागून घ्या. जुळी बरेचदा लवकर जन्मलेली असतात. तसं असेल तर वाढीचा हिशोब सुधारित वयाने, म्हणजे जन्माच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाने करायचा. आणि अंगावर पाजायचा विचार आहे हे संस्थेच्या डॉक्टरांना सांगा. काही ठिकाणी कौतुक होईल, काही ठिकाणी भुवया वर जातील. सांगा मात्र.

पहिला आठवडा: छाती, दूध नव्हे

घरी आलेल्या चार महिन्यांच्या बाळाने नुकतंच आपलं सगळं जग गमावलेलं असतं. मावशी, पाळण्यांची रांग, छताचा पंखा, बाटलीचं बूच. आपल्यासाठी तो आनंदाचा दिवस असतो, त्यांच्यासाठी नसतो. म्हणून दूध, बाटली, वेळ यातलं काहीही पहिल्या आठवड्यात बदलू नका. कंपनीही नाही.

बदला फक्त एक गोष्ट: धरायची जागा. बाटली देताना बाळाचा गाल उघड्या छातीला टेकलेला. अंगात पुढून उघडणारा गाऊन, वर शाल, बाळाच्या अंगात फक्त लंगोट. कोलंबियात बोगोटाला १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी जागेअभावी कमी वजनाच्या बाळांना आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. त्यालाच आपण आता कांगारू पद्धत म्हणतो. ती फक्त नवजातांसाठी नाही. एका वेळी एक मूल. दुसरं त्याच वेळी बाबांच्या छातीवर. दोघांची अदलाबदल रोज.

बाटली आडवी धरा, दर थोड्या घोटांनी खाली करून श्वास घेऊ द्या, बूच सगळ्यात कमी प्रवाहाचं. भराभर ओतणाऱ्या बाटलीला सोकावलेलं मूल नंतर छातीवर वैतागतं.

नळी लावून पाजणं

दूध नसतानाही मूल छातीवर पोट भरून पिऊ शकतं ते या युक्तीमुळे. परदेशात यासाठी तयार संच मिळतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानातली बाळाची फीडिंग ट्यूब, ५ किंवा ६ नंबरची, काम भागवते. पहिल्यांदा सल्लागाराच्या समोरच करा.

वाटी उकळून घ्या. तयार केलेलं कोमट दूध तिच्यात. पावडरची गुठळी राहिली तर बारीक नळी तुंबते, म्हणून गाळूनच घ्या. नळीचं एक टोक वाटीत बुडवा. दुसरं टोक स्तनावरून स्तनाग्राच्या अगदी बरोबरीने, फार तर एक-दोन मिलिमीटर पुढे, आणि मायक्रोपोरच्या (दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीच्या) छोट्या पट्टीने चिकटवा. बाळाने तोंड मोठं उघडलं की त्याला स्तनाकडे आणा, स्वतः पुढे वाकू नका. नुसतं अग्र नाही, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली. ओठ आत मुडपले असतील तर बोटाने तोंड सोडवून पुन्हा.

वाटी बाळाच्या तोंडाच्या उंचीला किंवा जरा खाली ठेवा. वर धरली तर दूध आपोआप धावतं आणि बाळाला ठसका लागतो. खाली असेल तर ते ओढेल तेवढंच येतं, आणि आपल्याला ओढणंच हवं आहे. दर वेळी बाळ ओढतं तेव्हा वाटीतलं दूध त्याच्या पोटात जातं आणि आपल्या शरीराला निरोप मिळतो. झाल्यावर लगेच सिरिंजने साबणाचं गरम पाणी, मग स्वच्छ पाणी नळीतून काढा. नळी रोज नवी.

हे जड वाटलं तर थेंबांचा उपाय आहे. बाळ छातीशी असताना दुसऱ्या कुणीतरी सिरिंजने किंवा बोंडल्याने (बाळाला पाजायच्या चोचीच्या भांड्याने) स्तनावर दुधाचे थेंब सोडत राहायचं. थेंब अग्राकडे ओघळतात, बाळ चाटतं, मग ओढतं. आमच्याकडे पणजीचं चांदीचं बोंडलं होतं. सासूबाई त्याने थेंब सोडायच्या आणि डोळे दुसरीकडे वळवून बसायच्या, मला अवघडू नये म्हणून.

मुलगी तिसऱ्या दिवशी लागली. मुलगा अकरा दिवस तोंड फिरवत राहिला. या वयाच्या मुलावर जबरदस्ती करू नका. एकदा छाती म्हणजे झटापट असं त्याच्या डोक्यात बसलं की संपलं. भुकेने कळवळलेला असताना प्रयत्न नको, अर्धी बाटली झाल्यावर करा. पहाटे अर्धवट झोपेत, किंवा घरात येरझाऱ्या घालत, किंवा आंघोळीनंतर अंग कोमट असताना. आमचा बाराव्या पहाटे साडेचारला लागला, चार मिनिटं. नंतर दिवसा पुन्हा नकार. मूल कधीच लागलं नाही तर छातीला टेकवून बाटली द्या. त्यात काही कमी नाही.

दोघांना एकदम?

पहिले दोन-तीन आठवडे नको. एकेकाची पकड पक्की होऊ द्या. मग दोघांना बगलेत धरून, पाय मागे, डोकी पुढे. बाजारातल्या खास उशीची गरज नाही, दोन गोधड्यांच्या घड्या कमरेभोवती पुरतात. दोन वाट्या, दोन नळ्या, आणि समोर एक माणूस. एकटीने हे करायला जाऊ नका. मी एकदा केलं, आणि दीडशे मिलिलिटर दूध गोधडीने प्यालं.

डावी-उजवी रोज बदला. एक मूल जोरकस ओढणारं असतं, ते एकाच बाजूला राहिलं तर दुसरी बाजू आटते. आणि दोघांनाही दोन्ही बाजूंना वळून बघायची सवय होते.

वही ठेवा. लाल शाई मुलगी, निळी मुलगा. किती वाजता, किती मिलिलिटर, लघवी, शी. पहाटे तीनला "याला दिलं की तिला?" हा प्रश्न पडतोच, आणि उत्तर चुकलं तर एक मूल दोनदा पितं आणि दुसरं उपाशी.

पोट भरतंय का

इथे भावनेला जागा नाही. चोवीस तासांत निदान सहा ओले लंगोट, प्रत्येक मुलाचे. दर आठवड्याला एकाच काट्यावर, उघड्या अंगाने वजन. तीन ते सहा महिन्यांत आठवड्याला साधारण १०० ते १४० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. नळीवर मूल दमून झोपून गेलं आणि वाटीत दूध उरलं तर उरलेलं बाटलीने द्या. आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, मूल मलूल आहे, ताप आहे, तर सल्लागाराला फोन करत बसू नका, दवाखाना गाठा.

पावडरचं दूध बनवताना पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घालायची, मग कोमट करायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ही उष्णता हवी. चमचा सपाट, पाणी डब्यावर लिहिलं असेल तेवढंच. बहुतेक डब्यांवर एका चमच्याला ३० मिलिलिटर असतं. पुरवून वापरायला म्हणून पातळ करू नका. बाहेर दोन तास, त्यानंतर फेकून द्या. पिऊन उष्टं राहिलेलं लगेच. जुळ्यांना ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम दोन दिवस जातो, तेव्हा महिन्याच्या खर्चात तो आधीच धरा.

प्रत्येक डब्यावर 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम' असं छापलेलं असतं. १९९२ च्या कायद्याने ते बंधनकारक केलं, आणि कंपन्यांच्या जाहिरातबाजीला आळा घालणारा तो कायदा चांगलाच आहे. तरी दिवसातून आठ वेळा ते वाक्य वाचणं सोपं नव्हतं. नवऱ्याने एके दिवशी पावडर सरळ स्टीलच्या डब्यात काढली. (कोरडा, झाकणाचा आणि मूळ चमच्यासकट, हे लक्षात ठेवा.)

आणि बाळगुटी, मध, गाईचं दूध: वर्षाच्या आत तिन्ही नाही. मधातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. हे मोठ्यांना सांगायचं काम डॉक्टरांवर सोपवा. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहूनच दिलं, ती फ्रिजवर लावली.

दोघांशी वेगवेगळं नातं

जुळ्यांच्या बाबतीत सगळं घर 'दोघं' म्हणतं. दोघं उठली, दोघं रडली. मूल मात्र एकेकटं असतं. दिवसातून एकदा तरी, वीस मिनिटं का होईना, फक्त एक मूल आणि तुम्ही, दुसरं दाराआड. नाव घेऊन बोला. एकाला छातीशी घेतलं असताना दुसरं रडलं तर पाय लांब करून त्याला पायांवर ठेवा, आवाज द्या, पण पहिल्याला अर्ध्यात ओढून काढू नका.

संस्थेत बरेच हात असतात, म्हणून घरात पहिले काही आठवडे थोडेच हात हवेत. पाजणं, आंघोळ, झोपवणं हे शक्यतो आई-बाबाच करतील. आत्या, काका, शेजारी यांनी खेळवावं, पण भूक आणि रडणं आपल्याकडे यावं. यावरून रुसवे होतात. बारसं महिनाभर पुढे ढकललं तर निम्मे रुसवे टळतात. पाहुण्यांना भांडी, धुणं, भाजी ही कामं द्या. आमच्या नणंदबाईंनी सहा आठवडे लंगोट धुतले आणि मूल एकदाही मागितलं नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

खुणा हळूहळू दिसतात. पिताना डोळ्यांत बघणं. अनोळखी माणूस आला की तुमच्याकडे वळणं. आमचा मुलगा सुरुवातीला रडायचाच नाही, भुकेलाही नाही, आणि सगळे म्हणायचे, किती गुणी. मावशींचं वाक्य मला ठाऊक होतं, म्हणून ते गुणीपण मला टोचायचं. पाचव्या आठवड्यात तो पहिल्यांदा खच्चून रडला आणि मी आत गेल्यावर थांबला. त्या दिवशी मी पेढे आणले.

दत्तक आईलाही बाळंतिणीसारखी खिन्नता येऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, मुलांजवळ जावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. एवढी वर्षं वाट पाहिली आणि आता कशाला रडतेस, हे स्वतःला ऐकवू नका.

रजा

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची पगारी रजा दिली होती, पण फक्त तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी. वर सांगितलेलं कॅलेंडर आठवा आणि स्वतःच ठरवा ते कलम कुणाच्या उपयोगाचं होतं. केंद्र सरकारी नोकरीत एक वर्षाच्या आतल्या मुलासाठी १८० दिवस मिळतात, वडिलांना १५. तुमच्या कार्यालयातला आजचा नियम लेखी मागा, प्रस्ताव यायच्या आधीच.

सोडताना

सहा महिन्यांनंतर वरण-भाताची पेज, नाचणीचं सत्त्व सुरू झालं की दुधाची घाई आपोआप कमी होते. पंपाच्या वेळा एकेक करून उतरवा, दर तीन-चार दिवसांनी एक, नाहीतर स्तन दाटून गाठी होतात. मुलगी दहाव्या महिन्यात दात आल्यावर एकदा कडकडून चावली, मी किंचाळले, आणि तिने ते फारच मनावर घेतलं. परत आली नाही. ज्याने अकरा दिवस तोंड फिरवलं होतं तो दीड वर्षाचा होईपर्यंत रात्री यायचा. तोवर दूध आटलेलं होतं. त्याला ते ठाऊक असावं. सहा महिन्यांच्या पाहणीला आलेल्या समाजसेविका बाईंनी आपल्या अहवालात काय लिहिलं कुणास ठाऊक, पण जाताना त्या आमच्या लाल-निळ्या शाईच्या वहीचे फोटो काढून घेऊन गेल्या, पुढच्या जुळ्यांच्या आईला दाखवायला.